सीट बेल्टच्या बकलांतील सेन्सरचा बिघाड व त्याची परीक्षा

मोटारगाडी ही आतां केवळ शहरांतील चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. बाजार समितीच्या लिलावास जाणें, बियाणें व औषधें आणणें, आजारी माणसास तालुक्याच्या दवाखान्यांत पोंचविणें, अशा कामांकरितां ती आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं उभी असते. बैल लंगडूं लागला तर त्याचा खूर उचलून पाहावा, किंवा पंपाचा आवाज बदलला तर तो बंद करून तपासावा, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु पट्टा लावल्यावरहि गाडीच्या डॅशबोर्डवरील सीट बेल्टचा तांबडा दिवा विझेनासा झाला, म्हणजे हाच शेतकरी त्याचें कारण न शोधतां तो आवाज बंद कसा करावा एवढेंच विचारतो. त्याकरितां पट्ट्याच्या जिभेसारखी एक सुटी लोखंडी क्लिप विकत मिळत असे व अद्यापिहि ती कित्येक गाड्यांत दिसते. ती बकलांत खोंचली कीं आवाज थांबतो; बिघाड मात्र होता तेथेंच राहतो. हा दिवा कां लागतो, तो खरें सांगतो कीं खोटें हें कसें ओळखावें, आणि घरच्या घरीं परीक्षा कोठपर्यंत करून कोठें थांबावें, हें या लेखांत क्रमानें सांगण्याचा आमचा विचार आहे.

पट्टा, कायदा व सूचनेचा दिवा

खांद्यावरून व कमरेवरून जाणारा, तीन ठिकाणीं धरलेला सध्यांचा पट्टा स्वीडनमधील व्होल्वो कंपनीचे इंजिनिअर निल्स बोहलिन यांनीं तयार केला, आणि १९५९ सालीं त्या कंपनीनें तो आपल्या गाड्यांत बसविला. या शोधाचा हक्क स्वतःपुरता न राखतां कंपनीनें तो इतर कारखानदारांसहि वापरूं दिला. त्यामुळें आज जगांतील बहुतेक सर्व गाड्यांत हीच रचना दिसते.

आपल्या देशांत केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १३८ व्या नियमान्वयें चालकानें, त्याच्या शेजारीं बसणारानें व मागील सीटवर पुढें तोंड करून बसणारांनीं पट्टा लावणें बंधनकारक आहे. २०१९ सालच्या सुधारणेनें मोटार वाहन कायद्यांत घातलेल्या कलम १९४ ब मध्यें पट्टा न लावण्याबद्दल एक हजार रुपये दंड लिहिलेला आहे. त्याच वर्षाच्या १ जुलैपासून तयार होणाऱ्या प्रवासी मोटारींत चालक व शेजारचा प्रवासी या दोघांकरितां सूचनेचा दिवा व आवाज, तसेंच चालकाकरितां एअरबॅग असणें सक्तीचें झालें. म्हणजे २०१९ च्या उत्तरार्धानंतर घेतलेली गाडी असेल, तर पुढील दोन्ही बकलांत सेन्सर आहे असें धरून चालण्यास हरकत नाहीं.

मागील सीटवर बसणारास पट्ट्याची गरज नाहीं असा समज अजूनहि पुष्कळ ठिकाणीं आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यांत, सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातांत टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री व त्यांच्या शेजारीं मागें बसलेले गृहस्थ असे दोघे मृत्यू पावले. पुढील सीटवरील दोघे जखमी झाले, पण वांचले. मागील दोघांनीं पट्टे लावलेले नव्हते असें पोलिसांच्या तपासांतून पुढें आलें. मोटार मोठी व महागडी होती, परंतु सुटलेल्या शरीरास गाडीच्या किंमतीचा कांहीं उपयोग होत नाहीं. या घटनेनंतर आवाज थांबविणाऱ्या क्लिपांच्या विक्रीकडे सरकारचें लक्ष गेलें, आणि २०२३ सालच्या मे महिन्यांत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें पांच ऑनलाइन विक्रेत्यांविरुद्ध आदेश काढून तो माल विक्रींतून काढावयास लावला.

बकलाच्या आंत काय असतें

बिघाड शोधावयाचा तर प्रथम रचना समजली पाहिजे. पट्ट्याच्या टोकास जी लोखंडी जीभ असते, तिच्या मध्यभागीं एक भोंक असतें. जीभ बकलाच्या खांचेंत शिरली म्हणजे स्प्रिंगच्या जोरानें एक खिटी त्या भोंकांत बसते व ‘टक्’ असा आवाज होतो. तांबडें बटण दाबलें कीं खिटी उचलली जाऊन जीभ बाहेर फेंकली जाते. माणसास धरून ठेवण्याचें काम ही खिटी करते. सेन्सर हा तिच्या शेजारीं बसविलेला केवळ एक साक्षीदार आहे. खिटी बसली किंवा नाहीं एवढेंच तो दोन तारांवाटे गाडीच्या कंट्रोल युनिटास कळवितो. हीं दोन कामें निरनिराळीं आहेत हें वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावें, कारण पुढील सर्व परीक्षा याच भेदावर अवलंबून आहे. खिटी शाबूत असून साक्षीदार खोटें बोलत असेल, किंवा साक्षीदार खरें सांगत असून खिटीच नीट बसत नसेल. बाहेरून मात्र दिवा सारखाच दिसतो.

सेन्सर बहुधा तीन प्रकारचे आढळतात. पहिला प्रकार साध्या लहान स्विचचा. खिटी किंवा तिच्याबरोबर सरकणारा भाग त्यावर दाब देतो. दुसरा रीड स्विचचा. कांचेच्या बारीक नळींत दोन पातळ लोखंडी पात्या असतात व लोहचुंबक जवळ आला कीं त्या एकमेकींस चिकटतात. तिसरा प्रकार हॉल सेन्सरचा. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८७९ सालीं शोधून काढलेल्या गुणधर्मावर तो चालतो. चुंबकाचा प्रभाव बदलल्याचें एक लहानशी चिप ओळखते, व त्यांत एकमेकांवर घांसणारे भाग नसल्यामुळें तो झिजत नाहीं. दोन तारांचा हॉल सेन्सर आपली साक्ष विजेच्या प्रवाहानें देतो. सामान्यतः एका स्थितींत सुमारें ५ ते ७ मिलिॲम्पिअर व दुसऱ्या स्थितींत सुमारें १२ ते १७ मिलिॲम्पिअर प्रवाह वाहतो. साध्या स्विचच्याहि कांहीं बकलांत तारांबरोबर रेझिस्टर जोडलेले असतात. पट्टा सुटला आहे, कीं वायर तुटली आहे, कीं दोन वायरी एकमेकींस चिकटल्या आहेत, हें कंट्रोल युनिटास वेगवेगळें ओळखतां यावें हा त्यांतील हेतु होय.

कित्येक गाड्यांत हीच साक्ष एअरबॅगच्या कंट्रोल युनिटाकडेहि जाते. टक्कर होतांच पट्टा आवळणारें यंत्र, ज्यास प्रिटेन्शनर म्हणतात, तें उडवावयाचें कीं नाहीं व एअरबॅग किती जोराच्या धक्क्यास फुगवावयाची, हें कांहीं गाड्यांत पट्टा लावलेला आहे कीं नाहीं यावरून ठरतें. म्हणून बकलाचा सेन्सर म्हणजे केवळ कटकट करणारी घंटी, असें समजणें चुकीचें आहे.

दोष नेहमीं बकलांतच असतो असें नाहीं

दिवा लावण्याचा निर्णय एकट्या बकलाच्या साक्षीवर होत नाहीं. पुष्कळ गाड्यांत, विशेषतः शेजारच्या सीटवर, गादीखालीं वजन ओळखणारा दुसरा सेन्सर असतो. कोणी बसलें आहे असें तो सांगतो, बकल लागलें नाहीं असें पहिला सांगतो, व दोहोंचा मेळ घालून कंट्रोल युनिट दिवा लावतें. तेव्हां बकल, गादी व कंट्रोल युनिट या तिन्हींपैकीं कोठेंहि दोष असूं शकतो.

याचें उदाहरण अमेरिकेंतील टेस्ला कंपनीच्या गाड्यांत पाहावयास मिळतें. २०२२ सालच्या आरंभीं त्या कंपनीस सुमारें ८ लक्ष १७ हजार गाड्यांकरितां दुरुस्ती जाहीर करावी लागली. चालकानें पट्टा लावला नसतां गाडी सुरू करतेवेळीं जो आवाज व्हावयास पाहिजे, तो कांहीं परिस्थितींत होत नव्हता. तेथें बकल शाबूत होतें, दोष गाडीच्या सॉफ्टवेअरमध्यें होता. पुढें २०२४ सालीं त्याच कंपनीनें सुमारें १ लक्ष २५ हजार गाड्यांकरितां पुन्हां दुरुस्ती काढली. त्या वेळीं चालकाच्या गादींतील स्विचवर विसंबल्यामुळें सूचना चुकत होती. तो स्विच हिशेबांतून वगळून केवळ बकलाच्या व गाडी सुरू असल्याच्या साक्षीवर दिवा लावावा, असा बदल करण्यांत आला. या दोन्ही प्रसंगीं कोणी दिवा चुकतो म्हणून बकल बदलून घेतलें असतें, तर पैसे जाऊन बिघाड तसाच राहिला असता. गांवच्या किंवा तालुक्याच्या गॅरेजांतहि नेमकें हेंच पुष्कळदां घडतें.

लक्षणांचे तीन वर्ग

बिघाडाचीं लक्षणें तीन प्रकारचीं असतात. पहिल्यांत पट्टा लावूनहि दिवा विझत नाहीं. दुसऱ्यांत दिवा मधूनच लागतो व मधूनच विझतो. खड्ड्यांतून जातांना, सीट सरकवितांना किंवा गाडी धुतल्यावर हें विशेष दिसतें. तिसऱ्यांत पट्टा लावलेला नसतांनाहि दिवा लागतच नाहीं. पहिल्या दोहोंचा त्रास होतो म्हणून माणूस गॅरेजांत जातो. तिसऱ्याचा त्रास कांहींच होत नाहीं, म्हणून तो वर्षानुवर्षें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. धोका मात्र त्यांतहि मोठा आहे. याकरितां महिन्यांतून एकदां पट्टा न लावतां, गाडी जागेवर उभी असतांना, चावी फिरवून सीट बेल्टचा दिवा लागतो किंवा नाहीं हें पाहावें, आणि मग पट्टा लावून तो विझतो कीं नाहीं हें पाहावें. एवढ्यास अर्धें मिनिटहि लागत नाहीं.

येथें दोन दिव्यांत घोटाळा होऊं देऊं नये. पट्टा लावलेल्या माणसाचें चित्र हा सीट बेल्टचा दिवा. माणसापुढें गोल फुगा असलेलें चित्र हा एअरबॅगचा दिवा. दुसरा दिवा चावी फिरविल्यावर कांहीं सेकंद लागून आपोआप विझला पाहिजे. तो लागूनच राहिला, तर अपघातप्रसंगीं एअरबॅग फुगणार नाहीं अशी शक्यता असते. अशा वेळीं घरीं कांहींहि उघडूं नये व गाडी सरळ कंपनीच्या वर्कशॉपांत न्यावी.

घरीं करावयाची परीक्षा

पहिली परीक्षा हिसक्याची. पट्टा लावून ‘टक्’ आवाज ऐकावा, व जीभ धरून दोन तीन वेळां जोरानें हिसका द्यावा. जीभ निघून आली, किंवा आवाज न होतां ती अर्धवट अडकली, तर दिवा खरें सांगत आहे. दोष सेन्सरांत नसून खिटींत आहे. नवें बकल बसेपर्यंत त्या सीटवर कोणासहि बसवूं नये. या एका परीक्षेवांचून पुढें जाणें म्हणजे साक्षीदारास खोटा ठरवून प्रत्यक्ष धोका डोळ्यांआड करणें होय.

दुसरी परीक्षा रिकाम्या सीटची. ही शेजारच्या सीटकरितां आहे. सीटवर खताची लहान पिशवी, भाजीचा क्रेट किंवा पाण्याचा कॅन ठेवलेला असेल, तर गादीखालील सेन्सर त्यास माणूस समजतो व दिवा लागतो. हा बिघाडच नव्हे. ओझें मागें ठेवावें. सीट अगदीं रिकामी असतांनाहि दिवा लागत असेल, तर संशय बकलावर न घेतां गादीवर घ्यावा. गादी भिजली आहे काय, जाड कव्हर ताणून बसविलें आहे काय, हें पाहावें.

तिसरी परीक्षा खांचेची. विजेरीचा उजेड बकलाच्या खांचेंत पाडून पाहावें. धान्याचे दाणे, शेंगांचीं टरफलें, नाणीं, मुलांच्या गोळ्यांचे कागद, वाळलेला चहा किंवा उसाचा रस, यांपैकीं कांहीं ना कांहीं तेथें सांपडणें नवलाचें नाहीं. शेतीच्या कामास लागलेल्या गाडींत तर मातीचा थर ठरलेलाच. केर व्हॅक्यूम क्लीनरनें बाहेर ओढून घ्यावा; पंक्चरवाल्याच्या हवेच्या नळीनें फुंकल्यास तो अधिकच आंत जाण्याचा संभव असतो. जीभ ओलसर फडक्यानें पुसून कोरडी करावी. बकलांत तेल, ग्रीस, डिझेल किंवा पाणी मुळींच घालूं नये. तेलास धूळ चिकटून कांहीं दिवसांत खिटी जड होते, व पाण्यानें सेन्सरच्या जोडांस गंज चढतो.

चौथी परीक्षा हालविण्याची. गाडी उभी ठेवून चावी फिरवावी, पट्टा लावावा, व दुसऱ्या माणसास दिव्याकडे पाहावयास सांगून बकल हळूहळू पुढें, मागें व बाजूस कलवावें. मग सीट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश सरकवावी. बकल कलवितांना दिवा बदलला, तर दोष बकलाच्या आंत किंवा त्याच्या बुडाशीं असलेल्या वायरींत असावा. सीट सरकवितांना बदलला, तर सीटखालील वायर किंवा कनेक्टर यांत असावा. कितव्या खांचेवर सीट असतांना हें घडतें तें लिहून ठेवावें. मेकॅनिकास त्याचा फार उपयोग होतो.

पांचवी परीक्षा नजरेची. चावी काढून विजेरीनें सीटखालीं पाहावें. वायर सीटच्या रुळांत चेंगरली आहे काय, तिचें आवरण घांसलें आहे काय, सीटखालीं कोंबलेल्या सामानानें कनेक्टर ओढला गेला आहे काय, त्यावर हिरवट गंज आहे काय, हें पाहावें. गोठ्याजवळ किंवा धान्याच्या कोठाराशेजारीं गाडी उभी करणारांनीं उंदरांनीं कुरतडल्याच्या खुणा अवश्य शोधाव्या. उघडी पडलेली वायर सीटच्या लोखंडास टेंकली, तर कंट्रोल युनिटास स्विच बंद झाल्यासारखें भासतें व तें भलताच निष्कर्ष काढतें. पाहावें मात्र डोळ्यांनीं. ओढून, उकलून किंवा सोडवून पाहूं नये. त्याचें कारण पुढें दिलें आहे.

कोठें थांबावें

सीटखालून जाणाऱ्या वायरींत कांहींचें आवरण किंवा कनेक्टर पिवळ्या रंगाचे असतात. पिवळा रंग ही एअरबॅग व प्रिटेन्शनर यांच्या मंडलाची रूढ खूण आहे. प्रिटेन्शनरमध्यें स्फोटक द्रव्याची लहानशी मात्रा असते, व कित्येक गाड्यांत तो बकलाच्या दांड्यासच जोडलेला असतो. साध्या मल्टिमीटरनें त्याच्या दोन टोकांमधील रोध मोजूं गेल्यास मीटरमधील विजेनेंच तो उडण्याचा धोका आहे. तो इतक्या जोरानें आवळतो कीं जवळ हात असल्यास गंभीर इजा होईल. म्हणून पिवळ्या वायरीस मीटर, टेस्ट लॅम्प किंवा बॅटरीची तार कधींहि लावूं नये. सीट सोडवावयाची असेल तर ती जाणत्या माणसानेंच सोडवावी. प्रथम बॅटरीची ऋण तार काढून, गाडीच्या पुस्तकांत सांगितलेला वेळ थांबून, मगच कनेक्टरास हात लावण्याची रीत आहे. कनेक्टर काढून ठेवून चावी फिरविली, तर दुसराच दोष नोंदला जाऊन एअरबॅगचा दिवा लागून बसतो.

वर्कशॉपांतील परीक्षा

घरच्या पांच परीक्षा झाल्यावर पुढील काम स्कॅनरचें. हें यंत्र गाडीच्या कंट्रोल युनिटास जोडलें म्हणजे नोंदलेल्या दोषांचे क्रमांक दिसतात. एअरबॅग व पट्टे यांचे बहुतेक क्रमांक ‘बी’ या अक्षरानें सुरू होतात. परंतु केवळ क्रमांक वाचून बकल बदलावयास सांगणाऱ्या मेकॅनिकास एक विनंति करावी: स्कॅनरवर बकलाची चालू स्थिति दाखवावी. पट्टा लावतांना व काढतांना ती स्थिति बरोबर बदलत असेल, तर बकल, त्याचा सेन्सर व वायर हीं तिन्ही ठीक आहेत, आणि दोष पुढें दिव्याच्या किंवा कंट्रोल युनिटाच्या बाजूस आहे. ती मुळींच बदलत नसेल, तर दोष बकलांत किंवा वायरींत आहे. बकल अगर सीट हालवितांना ती उलटसुलट होत असेल, तर जोड ढिला आहे. दुसऱ्या बाजूच्या सीटचें बकल लावून काढून तुलना केली, म्हणजे योग्य स्थिति कशी दिसते हेंहि कळतें.

यानंतरच मीटर. तोहि गाडीचा वायरिंग नकाशा पाहून, केवळ सेन्सरच्या दोन तारांवर, कनेक्टर वेगळा करून लावावयाचा. साधा स्विच असेल तर पट्टा लावतांना व काढतांना तो जोडला व तोडला जाणें दिसतें. कोणत्या स्थितींत जोडला जावा हें प्रत्येक गाडींत सारखें नसतें, म्हणून नकाशावांचून निष्कर्ष काढूं नये. रेझिस्टर असलेल्या बकलांत दोन निश्चित आंकडे दिसतात. हॉल सेन्सर मात्र रोध मोजून कधींच तपासतां येत नाहीं; त्यास वीज देऊन त्यांतून वाहणारा प्रवाह मोजावा लागतो. हा भेद ठाऊक नसलेला माणूस शाबूत हॉल सेन्सरास मीटर लावून ‘मेला’ असें सांगतो, व गिऱ्हाइकास नव्या बकलाचा भुर्दंड बसतो. तेव्हां बकलांतील सेन्सर कोणत्या जातीचा आहे, हा प्रश्न आमच्या वाचकांनीं गॅरेजांत अवश्य विचारावा. ज्यास त्याचें उत्तर देतां येत नाहीं, त्याच्याकडून बकल बदलून घेऊं नये.

बकल खराब ठरलें तर तें पुरें नवें व त्याच गाडीच्या त्याच सीटकरितां असलेलेंच घ्यावें. आंतील सेन्सर उकरून दुसरा बसविण्याचा खटाटोप करूं नये, कारण तसें करतांना खिटीच्या स्प्रिंगास धक्का लागतो. भंगारांतील गाडीचें बकल स्वस्त मिळतें, परंतु त्या गाडीची टक्कर झाली होती काय व त्याचा प्रिटेन्शनर उडालेला आहे काय, हें गिऱ्हाइकास बाहेरून सांगतां येत नाहीं. जुना काढलेला भाग परत मागून घ्यावा. गाडी वॉरंटींत असेल तर तसें प्रथमच सांगावें.

साक्षीदाराचें तोंड बांधूं नये

खोटी सूचना वारंवार झाली कीं माणूस ती बंद करण्याच्या मागें लागतो, हा अनुभव नवा नाहीं. अमेरिकेंत १९७४ सालच्या नमुन्यांच्या गाड्यांत पुढील सीटवरील माणसांनीं पट्टे लावल्यावांचून इंजिन सुरूच होऊं नये, अशी योजना सक्तीनें करण्यांत आली होती. पण त्या काळचे सेन्सर भरंवशाचे नव्हते. सीटवर किराणा मालाची पिशवी किंवा कुत्रा असला तरी गाडी अडून बसे. लोक इतके चिडले कीं त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत अमेरिकेच्या काँग्रेसनें कायदा करून ती सक्ती काढून टाकली, व सूचनेच्या आवाजासहि आठ सेकंदांची मर्यादा घातली. पट्टा वाईट ठरला नव्हता. त्याची साक्ष देणारें यंत्र चुकत होतें, व त्याच्या चुकीचा राग पट्ट्यावर निघाला.

आपल्याकडे क्लिप खोंचणारा माणूस हेंच लहान प्रमाणांत करतो, आणि त्याचा तोटा दुहेरी होतो. दिव्याची सूचना जाते ती जातेच, शिवाय ज्या गाडींत बकलाची साक्ष एअरबॅगकडे जाते, तेथें माणूस बांधलेला आहे अशी खोटी खबर कंट्रोल युनिटास मिळते. एअरबॅगची योजना पट्ट्याच्या जोडीस सहाय्यक म्हणून केलेली आहे, पट्ट्याच्या ऐवजीं नव्हे. ती डोळ्याचें पातें लवण्यापूर्वींच फुगते. त्या क्षणीं पट्ट्यानें मागें धरलेला माणूस तिच्यावर योग्य अंतरानें येतो. न बांधलेला माणूस मात्र जोराच्या ब्रेकनेंच पुढें सरकलेला असतो, व फुगणाऱ्या बॅगचाच तडाखा त्यास बसतो. गॅरेजांतील बिल वांचविण्याकरितां खोंचलेली क्लिप अशा रीतीनें गाडींतील दुसरें संरक्षणहि बिघडविते.

नित्याची काळजी

हा बिघाड टाळण्याचे उपाय साधे आहेत. सीटखालीं जॅक, पाने, पाइप किंवा सामान कोंबूं नये. गाडी धुतांना आंतून पाण्याची नळी मारूं नये, फडक्यानें पुसावें. बकलाजवळ चहाचा पेला ठेवूं नये. पट्टा दारांत सांपडून जीभ वांकली असेल तर ती हातोडीनें सरळ न करतां पट्टा बदलून घ्यावा. गाडी फार दिवस शेडमध्यें उभी राहणार असेल, तर आंत पेंड, बियाणें किंवा खाद्य ठेवूं नये, म्हणजे उंदीर आंत शिरत नाहींत. मोठी टक्कर झाली असेल, तर बाहेरून पट्टा चांगला दिसला तरी पट्टा, बकल व प्रिटेन्शनर यांची तपासणी झाल्यावांचून गाडी रस्त्यावर आणूं नये.

खंडेनवमीस आपल्याकडे अवजारांची पूजा होते. नांगर, कोयते, पंप यांच्या जोडीस आतां मोटारहि धुवून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळेनें सजविली जाते. त्या दिवशीं माळ घालण्यापूर्वीं गाडींतील प्रत्येक पट्टा, मागील सीटचे धरून, एकदां लावावा, हिसका द्यावा, बकलाची खांच पाहावी व दिवा विझतो कीं नाहीं हें तपासावें. पांच सीटच्या गाडीस या कामास दहा मिनिटें पुरतात. दिवा बरोबर विझला तर समाधान मानावें; न विझला तर वर सांगितलेल्या क्रमानें त्याचें कारण शोधावें. आणि कोणी क्लिप आणून दिलीच, तर तिच्या जागीं पट्ट्याची जीभ घालून ती क्लिप भंगारांत टाकावी, अशी आमची सर्व वाचकांस आग्रहाची सूचना आहे.